माकुणसारहून आलेली सही

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि माझे यजमान तिथे फिटर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. जवळच्याच गावात, गावठाणात, एका विधवा बाईचं घर विकायचं आहे असं कळलं. मी बघायला गेले आणि परसातली विहीर पाहूनच माझं मन त्या घरावर बसलं.

बाई साठीच्या पुढची, एकटी. मी तिला मावशी म्हणायला लागले. घर विकून ती मनोरला पुतण्याकडे जाणार होती.

पालघरच्या वकिलांनी कागद पाहिले. नवऱ्यामागे घर मावशीच्याच नावावर चढलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

मावशी खाली बघत म्हणाली, "एक पोरगी हाय."

मला हे नवीनच होतं. मुलगी सफाळ्याजवळ माकुणसारला होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून नऊ वर्षं मायलेकींत बोलणं नव्हतं.

वकील म्हणाले, "वडिलांच्या घरात मुलीचाही हिस्सा असतो आता. खरेदीखतावर तिची सही हवीच."

"तिची सही मी मागू? मेले तरी नाय," मावशी म्हणाली.

यजमानांना रजा मिळेना. शेवटी मीच रेल्वेने जाऊन सफाळ्याला उतरून टांग्याने माकुणसारला गेले. मुलगी पानवेलींना पाणी घालत होती. माझ्याच वयाची. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. तिने हात धुतले, मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं.

"बाबा गेला त्ये मला तेराव्याला कळलं," ती म्हणाली. "सगल्यांना सांगितलं, मलाच नाय."

मग तिने विचारलं, "घर इकून आये कुटे ऱ्हाणार?"

"मनोरला. पुतण्याकडे."

ती ताडकन उठली. "त्याच्याकडे? त्याने बाबाला एक दिवस तरी इचारलं का?" आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "सही करीन. पन आयेला मी नेणार. तिला सांग."

मी निरोप पोचवला. मावशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तब्येत कशी हाय तिची?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "तिचा बाबा गेला तवा कंच्या तोंडानं कळवू, सांग. मीच बोलले होते, मला पोरगी नाय."

नोंदणीच्या दिवशी पालघरच्या कचेरीत मावशी बाकाच्या एका टोकाला बसली, मुलगी दुसऱ्या. मध्ये मी. दस्त लिहिणाऱ्याने खरेदीखत मोठ्याने वाचलं. पूर्वेला रस्ता, उत्तरेला शेजाऱ्याचा गोठा, परसात विहीर. विहिरीचं नाव निघालं तशी मावशी मध्येच म्हणाली, "ती माझ्या घरवाल्यानं सोता खणली." दस्तलेखक थांबला. चष्म्यावरून तिच्याकडे बघून पुन्हा वाचायला लागला.

नोंदणी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने लिहून देता ना?"

मावशीने शाईच्या पेटीकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. घर गेलं हातचं, असं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. तेवढ्यात मुलगी उठून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आये, तुला नसल इकायचं तर नको इकू."

नऊ वर्षांतलं ते पहिलं बोलणं.

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "इकते," ती म्हणाली. "मी एकटी तिथं काय करू?" तिने अंगठा पुढे केला. मुलीने तो हातात धरून शाईवर टेकवला, मग कागदावर. स्वतःची सही तिने एकेक अक्षर जोडत केली, आणि आईचा अंगठा आपल्या पदराने पुसला. नवं लुगडं होतं, डाग पडला.

बाहेर मनोरची एसटी लागली होती. मावशी तिकडे वळलीच नाही.

आठवड्याने दोघी घर रिकामं करायला आल्या. मी चहा करून नेला. एका पितळी हंड्यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं. आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, हा हिलाच ठेवू, विहिरीचं पाणी भरायला. मुलगी म्हणे, तुझ्या लग्नातला हाय, नेऊ. मी चहा ओटीवर ठेवला आणि तिथेच ऐकत बसले. दोघींपैकी कोणीच थांबायला तयार नव्हतं, आणि मलाही त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.