दोन दिवस उशिरा दिसलेला तारा

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी भाजी घेत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच बोलले. भाजीवाली "अजून का देऊ, बाई?" विचारत राहिली… महिना उलटून गेला त्याला.

विमलताई माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. गोंदियातला वडिलांचा फोटो स्टुडिओ त्यांनी कितीतरी वर्षं एकटीनं चालवला. घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, तेव्हा त्या कॅमेरा आणि एक दुर्बीण घेऊन सालेकशाला आमच्याकडं राहायला आल्या. आमचं घर जंगलाच्या कडेला, त्यामुळं आभाळ काळंभोर. जेवण झालं की अंगणात दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, ठरावीक दीर्घिकांचे फोटो काढायचे आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे, हा त्यांचा नेम. सूर्याहून कितीतरी मोठ्या ताऱ्याचं जळण संपलं की तो आपल्याच वजनानं आत कोसळतो आणि मग फुटतो, नि दूरच्या दीर्घिकेत नवा ठिपका होऊन चमकतो, असं त्यांनीच मला समजावलं होतं. "एकदा तरी असा फुटलेला तारा सगळ्यांच्या आधी मले दिसावा, वहिनी," म्हणायच्या.

एका मे महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. गोंदियाच्या दवाखान्यात ताई माझ्या उशाशी बसून होत्या. घरी आलो त्याच रात्री त्यांनी माझी खाट अंगणात टाकली आणि दुर्बीण लावली. थोड्या वेळानं ओरडल्याच, "वहिनी, हा पाह्य! हा ठिपका आधी नोयता!" सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या दीर्घिकेत खरंच एक नवा ठिपका होता. मग मोबाइलवर शोधलं… दोन दिवसांआधीच दूर देशातल्या कुणा हौशी माणसानं तो पाहिला होता. त्या दोन दिवसांत ताई माझ्याजवळ होत्या.

"माझ्यापायी राहून गेलं, ताई," मी म्हटलं. त्या माझ्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाल्या, "तो तारा फुटला दोन कोटी वर्षांआधी. दोन दिवसानं का बिघडते? तू झोप." पुढं पावसाळी ढग येईपर्यंत रोज त्याचा फोटो काढत होत्या. तो मंद होत गेला, तसं मलाही बोलावून दाखवत होत्या.

परवा दिवेलागणीनंतर मी अंगणात एकटीच बसले होते. ताई असत्या तर आता दुर्बीण बाहेर आली असती. तेवढ्यात शेजारच्या देवरामनं आपल्या अंगणातला बल्ब बंद केला. आभाळ नीट दिसावं म्हणून ताई रोज कुंपणावरून त्याला ओरडायच्या, "देवराम, बल्ब बंद कर गा!" मी विचारलं, "काऊन बंद केला? आता कोण पाहून राहिलं?"

तो बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. "मालूम आहे, वहिनी. पण हात आपोआप जाते… लावू का?"

मी वर पाहिलं. कुठली दीर्घिका कुठं, मला एकटीला काही सापडेना.

"नोको," मी म्हटलं. "राहू दे असाच."