राखीचे दोन शब्द

यवतमाळातल्या संगणकवाल्यांच्या मेळाव्यात प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, असं निमंत्रणावर लिहिलेलं असतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस प्रोग्रामर एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये जमतात आणि आपण काय केलं ते एकमेकांना सांगतात. पाच मिनिटं झाली की संयोजक नयन घंटी वाजवतो. हॉल मात्र वर्गाचे मालक बाबाराव यांचा आहे, आणि त्यांच्यासाठी घंटी वाजवायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

राखी पवार घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावरची. तालुक्याला कॉम्प्युटर शिकवते आणि उरल्या वेळात स्वतः प्रोग्राम लिहिते. मागच्या दोन्ही मेळाव्यांत तिचं नाव यादीत शेवटी होतं, आणि तिच्यापर्यंत येता येता वेळ संपला. दोन्ही वेळा नयनने तिच्या गळ्यात आभारप्रदर्शन घातलं. आभार बायका छान मानतात, असं त्याचं मत. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला उठतात, हा राखीचा अनुभव.

या खेपेला बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं. आठ महिने खपून केलेलं काम एकदा तरी जाणत्या लोकांनी पाहावं, एवढीच तिची हौस.

मेळाव्यात तिची पाळी यायच्या आधीच बाबाराव उठले. फक्त दोन शब्द बोलतो म्हणाले, आणि संगणक येण्याआधीच्या यवतमाळापासून त्यांनी सुरुवात केली. पन्नास मिनिटांनी ते बसले तेव्हा बाहेर चिवडा मांडून झाला होता. नयनने ओशाळं हसत राखीपुढे माइक धरला. आभार तेवढे मान, म्हणाला. राखीला इतका राग आला की डोळे भरून आले. मग तिच्या ध्यानात आलं, आभाराला घंटी नसते.

“बाबारावांचे आभार,” ती म्हणाली. “मले बी दोनच शब्द बोलायचे आहेत. कपाशी अन् पऱ्हाटी.”

चपलांकडे निघालेले लोक थांबले.

तिची आई रुपीबाई, म्हणजे तिची याडी, हिने शेतीसल्ल्याच्या एका ॲपला विचारलं होतं, पऱ्हाटीचे पाते काहून गळून राह्यले? पाते म्हणजे फुलाआधीच्या कळ्या. ॲप म्हणालं, असं पीक नाही. त्याला कपाशी तेवढी ठाऊक; वऱ्हाडात तिलाच पऱ्हाटी म्हणतात, हे नाही. याडी त्या वेळी चार एकर नसलेल्या पिकात उभी होती. राखीने त्या ॲपचे मनापासून आभार मानले, कारण त्याच्यामुळेच ती आधी शेतकऱ्याचा शब्द ओळखणारा प्रोग्राम लिहायला बसली. मग याडीचे मानले, तिने दोनशे चौदा शब्द सांगितले म्हणून. शेवटी फोन माइकजवळ धरून याडीचा तोच प्रश्न तिने वाजवला, आणि तिच्या प्रोग्रामकडून उत्तर आलं.

बाबाराव उठले. नयनने खुर्ची पुन्हा ओढून घेतली.

“आमची माय बी पऱ्हाटीच म्हने,” एवढं बोलून ते खाली बसले.

पुढच्या महिन्याचं निमंत्रण आलं. वक्त्यांना प्रत्येकी पाच मिनिटं होती, आणि त्यांत राखीचं नाव नव्हतं. ते सगळ्यांत खाली होतं: आभारप्रदर्शन, राखी पवार, पंधरा मिनिटं.