पाठमोरं माप

त्या काळी सोलापुरात ज्याच्या खांद्याला आमच्या आतोबांनी शिवलेली पिशवी नाही, असा माणूस एक तर त्याच सकाळी गाडीतून उतरलेला असायचा, नाहीतर आतोबांशी भांडलेला. भांडलेल्यालाही पुढेमागे पिशवी पोचायचीच. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्म गिरणीच्या कापडखात्यात गेला आणि घरी बसल्यावर ते गिरणीतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवू लागले. विकायला नव्हे, द्यायला. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, त्यांचा आहेर ठरलेला. करमाळ्याच्या एका नवरदेवाने भर मांडवात तोंड वाकडं केलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "फेटा सांच्याला उतरतोय. पिशवी रोज लागती की."

त्यांच्याकडे टेप नव्हती. माणसाचं माप पाठमोरंच कळतं असा त्यांचा सिद्धान्त होता. "समोरनं माणूस तोंड सांभाळतंय," ते म्हणायचे, "पाठीला काय सांभाळता येत न्हाय." त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जावं लागे. वैरागहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना त्यांनी भर उन्हात पुन्हा पुन्हा चालायला लावलं, तेव्हा शेवटच्या खेपेला सासरे परत फिरलेच नाहीत, थेट स्टेशनवर गेले. पिशवी मागाहून कुणाच्या तरी हाती वैरागला गेली आणि पुढे सासऱ्यांनी ती कधी खांद्यावरून उतरवली नाही. पाठ बघून झाली की आतोबा ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसत आणि कुठेतरी हरवून जात. सुई हातातच राही, चहावर साय धरे, गिरणीच्या धुराड्याचा धूर आभाळात विरत जाई आणि आतोबाही त्याच्याबरोबर हळूहळू विरत चालले आहेत असं मला वाटे. मग दुपार कलता कलता पहिला टाका पडायचा. पिशवी तयार झाली की तिच्या तळाशी ते मूठभर ज्वारी टाकत. रिकामी पिशवी कुणाला द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता.

एवढ्या गावात पिशवी नव्हती ती एकट्या आत्याला. ती बिचारी मेथी, वांगी, सगळा बाजार पदराच्या ओच्यात घेऊन यायची. "अहो, समद्या गावाला पिशव्या झाल्या, माझी कवा?" असं तिने विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुझं माप गावलं न्हाय अजून." आत्या हसायची, पण मनाला लावून घ्यायची. एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "परक्याचं माप गावतंय, घरच्याचंच गावत न्हाय." पुढे आतोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सुईत दोरा ओवायचं काम आत्याकडे आलं. गावाच्या पिशव्यांसाठी ती मुकाट्याने दोरा ओवून द्यायची. एका दुपारी मात्र तिचा हात थांबला.

"आता किती दिस दिसणार तुमाला? माझी राहूनच जायची," ती म्हणाली.

आतोबांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "अगं, जन्मभर तू माझ्या मागनं चाललीस. तुझी पाठ मी बघू कवा?"

खरंच होतं ते. तेव्हा नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशीच चाल होती. पुढच्या मंगळवारी बाजाराला निघताना आतोबा दारात थांबले आणि म्हणाले, "तू म्होरं हो." आत्या लाजून चूर झाली. शेवटी डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघाली. गल्ली दारात गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "आज गाडी उलटी जुपली काय?" आतोबांना ते ऐकूही आलं नसावं. डोळे बारीक करून ते त्या हिरव्या लुगड्यामागून चालले होते, झोपेत चालल्यासारखे. मी त्यांच्या सोबत होतो. बाजार आला तसा त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "उजवीकडं झुकती की रे ही. इतकी वर्सं मला ठावंच न्हवतं."

ती पिशवी त्यांनी हातांनी चाचपून शिवली. तोवर डोळ्यांपुढे उजेड-अंधार एवढंच उरलं होतं. पिशवी त्यांनी आत्याच्या हातात दिली आणि मी बघतच राहिलो. चारही बाजू शिवलेल्या. तोंडसुद्धा. आत मूठभर ज्वारी, आणि बाहेरून नीटस, बारीक टाके. मी बोलणार तोच आत्याने डोळे वटारले. तिने पिशवी खांद्याला लावली, जरा चालून पाहिलं, ज्वारी खुळखुळली.

"बराबर बसली," ती म्हणाली.

तिने ते तोंड कधीच उसवलं नाही. पुढे आतोबांना काहीच दिसेना, तरी दोघांचा मंगळवारचा बाजार चुकला नाही. आत्या पुढे, तिच्या खांद्याला ती बंद पिशवी, पिशवीचं टोक मुठीत धरून आतोबा मागे, आणि येताना भाजी पहिल्यासारखीच ओच्यात. मी ओट्यावर बसून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहायचो. आत्या जराशी उजवीकडे झुकलेली असायची, आणि तिच्या मागे आतोबाही तेवढेच.