मोहाखालचा पाला

आमच्या शेजारची बाई शेळीशी फक्त शिव्यांतच बोलते. "मरत काऊन नाई वं तू?" हे तिचं सकाळचं पहिलं वाक्य. मोहफुलं वेचण्याआधी गावातले लोक झाडाखालचा पाला जाळतात. यंदा हिनं तो झाडून आणला आणि शेळीखाली अंथरला. त्यातूनच विंचू आला आणि शेळीच्या ओठाला चावला. तोंड सुजलं, लाळ गळायला लागली. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. बाई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन दिवसभर गप्प बसली. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी शेळी उठली आणि तिनं वाळत घातलेल्या मोहफुलांत तोंड घातलं.

"मर वं एकदाची! सारा मोह खाऊन राह्यली!"

माझ्या जिवात जीव आला. बाई ओरडली खरी, पण हाकलायला काही उठली नाही.