वारा सांगणारा जानूमामा

साठ सालच्या सुमाराला शिमग्यात दिवाळे गावच्या खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत लागायची. जयदेव तांडेलाच्या होडीत वारा सांगायचा मान जानूमामाचा. तो डोळे मिटायचा, नाक वर करायचा आणि बैलासारखा फुरफुरायचा. तो बोलेपर्यंत शिडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पण होडी सलग दोनदा हरली होती. निघतानाच जयदेवाने बजावलं, "मामा, यंदा चुकलास तं पुढल्या शिमग्याला काठावर बस."

डोंगराखाली खाडी अरुंद होते. तिथे जानूमामा ओरडला, "शीड उतरवा रं! डोंगरावरनं झोत येतंय!"

शीड उतरलं. बाकीच्या होड्या भरल्या शिडांनी पुढे निघून गेल्या. झोत आलाच नाही.

"मामा, डोलं उघर. डोंगर कुटं हाय?" जयदेव ओरडला.

डोंगराचा खांदा खाणवाल्यांनी वर्षभर सुरुंग लावून उडवला होता. सुरुंग जानूमामानेही ऐकले होते. पण झोत डोंगरामुळे येतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटायचं, तो आपल्या नाकामुळे येतो.

काठावर त्याच्याच बायकोने, येसूबाईने, नाक वर करून "फुर्र, फुर्र" केलं आणि सगळा गाव फुरफुरू लागला.

पुढच्या शिमग्याला जानूमामा जयदेवाच्या पायाच पडला. जयदेवाने दया केली. तोलासाठी ठेवलेली वाळूची एक गोणी उतरवून त्या जागी मामाला बसवलं. तरी होडी डुलायला लागली, म्हणून अर्धी गोणी त्याच्या मांडीवर ठेवली.