उन्हाच्या गावात घोंगडीवाला

बिरू आमच्या गल्लीत राहायला आला तेव्हा सगळी गल्ली हसली होती, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. हसू नये तर काय करावं? फाल्गुनाचं ऊन. पूर्णा जंक्शनच्या फलाटावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. आणि हा गडी मनमाडच्या गाडीतून उतरला तो डोक्यावर सुटा केलेला माग घेऊन. कशाचा माग, तर घोंगड्यांचा!

"आता नदीवर पाणी विकणारा आला की झालं," मी म्हणालो.

त्यानं डोक्यावरचं ओझं न हलवता माझ्याकडं पाहिलं. "पाणी न्हाय विकत. खोली कुठं मिळंल, ते सांगा."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी स्टेशनावर हमाली करायचो. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पोत्यांवरचे छाप वाचत वाचत अक्षरं शिकलो. अक्षरं आली तशी चोरून येणारी वर्तमानपत्रं मी लिंबाखाली लोकांना वाचून दाखवायला लागलो, आणि माझं नाव चौकीत पोचलं. चार माणसं एका जागी दिसली की परवाना दाखवा म्हणायचे, असे ते दिवस. एकाच्या घरी बारशाला बायका जमल्या तरी शिपाई डोकावून जायचा.

खोली धुरपतामावशीकडं होती. मावशी म्हणजे आमच्या गल्लीची खरी अमीन, फौजदारच म्हणा. तिला विचारल्याशिवाय गल्लीत कुत्रंही वस्तीला राहत नसे. तिनं बिरूला खालून वर पाहिलं, मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला पाहिलं आणि विचारलं, "कुठले तुमी?"

"जुन्नरच्या वरचं, घाटमाथ्याचं. धनगर हाये. मेंढरं गेली, माग राहिला."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

तो म्हणाला, "सस्ताई हाये म्हणून. आमच्याकडं जवारी बैलाच्या पाठीवर घाट चढून येती, इथं दारापुढच्या रानात पिकती." आणि मग बायकोकडं न बघता आवाज खाली करून म्हणाला, "आन् इथं ऊन हाये."

"ऊन? ते तर फुकट हाय," मावशी म्हणाली. "घे लागंल तेवढं. खोलीचं तेवढं दे."

गल्ली परत हसली. उन्हासाठी गाव सोडून आलेला माणूस आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

दुसऱ्या दिवशी आणखी एक तमाशा. बिरू चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. बाप्या माणूस, मिशा एवढ्या जाड, आणि थप थप थप भाकरी करायलाय! बायका पाणी भरायचं सोडून दारात उभ्या. एकीनं तर तोंडाला पदर लावून विचारलं, "काय वो पाव्हणं, बायकोला नटवून बसवायला आणलं का?"

बिरूनं भाकरी तव्यावर टाकली. त्याची बायको अंबाबाई बाहेर आली. तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं सुजून आखडलेली, मधल्या पेरांवर गाठी. मूठ मिटत नव्हती आणि पंजा उघडत नव्हता. "घाटात सहा महिने धुकं असतंया, बाई," ती म्हणाली. "अंथरूण वलं, भिंती वल्या, सरपण वलं. वैदू म्हणला, हिला कोरड्या गावी न्या, न्हायतर हात जातील. म्हणून आलो. नटायला हात लागत्यात, ते न्हाईत माझ्यापाशी."

तेव्हापासून बिरूच्या भाकरीला कोणी हसलं नाही. मावशी तर दुपारच्या उन्हात अंबाबाईला ओसरीवर बसवून तिच्या हातांना करडीचं तेल चोळायला लागली. चोळता चोळता गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भानगडी तिच्या कानात घालायची. औषध कुठलं लागू पडलं, तेल की भानगडी, ते खंडोबालाच ठाऊक.

आता मागाचं सांगतो. हसलो खरं, पण घोंगडीला आमच्याकडं गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. ताडकळसच्या बाजारात मेंढपाळ यायचे, जिंतूरच्या डोंगराकडचे राखणदार यायचे. रात्री रानात झोपणाऱ्याला, पावसात गुरांमागं जाणाऱ्याला घोंगडी लागतेच. काळी लोकर इथल्याच मेंढरांची मिळायची. बिरूनं खोलीत खड्डा खणून माग बसवला. विणताना धागा ठोकायची त्याची लाकडी फळी थेट तलवारीसारखी. येताना हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तिच्यापायी त्याला अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं म्हणे.

अडचण आली ती खळीची. घोंगडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, विणायच्या आधी उघड्यावर लांब पसरून खुंट्यांना ताणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे. खळ कुंच्यानं धाग्यांवर ओढत न्यायची म्हणजे लोकरीचा फुलोरा बसतो आणि धागा मागावर टिकतो. बिरूनं ताणा गल्लीत पसरला. मारुतीच्या ओट्यापासून माझ्या दारापर्यंत. मला खांद्यावर पोतं घेऊन त्याच्याखालून वाकून जावं लागलं. मी तडकलो.

"ही गल्ली तुझ्या बापाची हाय का?"

"बापाची न्हाय," तो कुंचा भिजवत म्हणाला, "पण ताणा बापाच्या शिस्तीचा हाये. तुडवू नको."

त्या बापाच्या शिस्तीनंच घात केला. बापाचा दंडक असा, की ऊन ताण्यावर उभं राहिल्याशिवाय कुंचा उचलायचा नाही. घाटमाथ्यावर ते बरोबर. धुकं फिटेपर्यंत तिथं काही वाळतच नाही. पण पूर्णेचं चैत्राचं ऊन ते! बिरू या टोकाला कुंचा ओढायचा आणि त्या टोकाला पोचायच्या आत मागची खळ वाळून पापडासारखी कडक व्हायची. मागावर चढवलं की धागे कटाकट तुटायचे. एक ताणा गेला. दुसरा गेला. लोकर आणायला अंबाबाईच्या पायातली चांदी गेली होती, ती लोकर उकिरड्यावर पडली.

आणि नेमकं त्याच दिवसांत एका दुपारी गल्लीत थापण्याचा आवाज आला. बिरूचा हात जड, त्याचा आवाज मला ओळखू यायचा. हा हलका होता, अडखळत होता, मध्येच थांबत होता. मी डोकावलो. अंबाबाई परातीपुढं बसली होती. भाकरी कडेला फाटलेली, वाकडी, पण तिच्या हातची. धुरपतामावशी शेजारी बसून ओरडायलीय, "अगं, पाण्याचा हात लाव! इथलं पीठ लगी सुकतं. सगळं एकदम मळून ठेवू नको, एका भाकरीपुरतंच घे. आन् पटपट थाप!"

बिरू दाराला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, की चुलीचा धूर, मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात घाटावरून त्याच्या थोरल्या भावाचा, धोंडीबाचा निरोप घेऊन माणूस आला. निरोप असा, की घरातला तुमच्या मागाचा खड्डा अजून बुजवला नाही, बिरोबाच्या जत्रेच्या आत परत या. बिरू ओसरीवर डोकं धरून बसला. "लोकर एका ताण्यापुरती हाये," तो म्हणाला. "हा तुटला की गाडीत बसायचं. इथं ऊन खाऊन का पोट भरतंय?"

अंबाबाई चुलीपासून उठून आली. "जायचं असंल तर जा. पण मला हितंच पुरून जा."

"अगं, तुला ठेवून कसं जाऊ?"

"मग त्या खळीचं ऐका माझं. खळ म्हंजे काय, पीठच की! मावशीनं शिकवलं तसं करा. पातळ करा. ऊन यायच्या आधी लावा. आन् एका हातानं न्हाय व्हायचं, चार जण लागतील, दोन्ही टोकांनी एकदम."

"उन्हाआधी कुंचा? आबानं कधी..."

"आबा कधी पूर्णेला आला व्हता का?" ती कडाडली. "ह्या हातांनी घाट सोडला. तुमच्या हातांनी अजून सोडला न्हाय."

बिरूनं चिंचोक्यांचं टोपलं पुढं ओढलं. मला ती बाई तिथं आवडली. दंडक मोडायला सांगणारं माणूस मला आवडतंच.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजु व्हायला सगळी गल्ली उठली. ताणा पसरला. एका टोकाला बिरू आणि मी, दुसऱ्या टोकाला मावशी आणि आणखी दोघी. अंबाबाई मधे खळीची घागर घेऊन. भाजक्या चिंचोक्यांचा वास सगळ्या गल्लीत भरला. कुंचे चालू झाले. अर्धा ताणा झाला असेल नसेल, तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यावरून दांडा आपटल्याचा आवाज.

चौकीचा जमादार. मला चांगला ओळखणारा.

"कायकू मजमा लगाए जी? परवाना किधर है?"

जमाव म्हणे! माझं डोकं सटकलं. "घोंगडीला परवाना? उद्या भाकरी थापायला बी लागंल का?"

"तू होयेंगा तो लगेंगा," तो म्हणाला. "जहाँ तू, वहाँ जलसा."

मी असलो की सभा, असा त्याचा हिशेब. मी कुंचा खाली टाकला. छाती पुढं काढून त्याच्यासमोर गेलो. सगळं तोंडाशी आलं होतं, रोज लिंबाखाली वाचायचो तेच. पण मागून अंबाबाईचा आवाज आला. "भाऊ, भांडण मागनं कर! ताणा वाळतोय!"

जमादारानं ताण्याकडं पाहिलं. वाकला. दोन बोटांत एक धागा धरून चोळला. एकदम ओरडला, "अरे सूख रहा है, पानी मारो! कुंचा उल्टा नको, सीधा खेंचो!"

आम्ही सगळे बघतच राहिलो. जमादार मोमीन विणकराच्या घरातला निघाला. बाप हातमागावर साड्या विणायचा, सूत असो की लोकर, खळीची घाई तीच. पण वर्दीला तोंड सांभाळावं लागतं. त्यानं दांडा माझ्याकडं केला. "बाकी लोग काम करो. ये हट जाएंगा तो मजमा नै."

म्हणजे ताणा वाचवायचा असेल तर मी जागा सोडायची. माझ्या गल्लीत, माझ्या दारापुढं! वर पूर्वेला लाली चढत होती. ऊन घरांवर उतरायला थोडाच वेळ होता. बिरू कुंचा ओढता ओढता माझ्याकडं बघत होता.

मी हटलो. मारुतीच्या ओट्याच्या पलीकडं जाऊन हाताची घडी घालून उभा राहिलो. लोक अजून सांगतात, भुजंग एका जमादारापुढं हटला. सांगू देत. मी हटलो तो त्या दांड्यासाठी नव्हे, त्या ताण्यासाठी. माझा टाकलेला कुंचा कोणी उचलला ठाऊक आहे? जमादारानं. इकडं तिकडं बघितलं, दांडा काखेत मारला आणि शेवटचा हात त्यानं स्वतः ओढला. मग मिशी पुसत निघून गेला, जाताना मला एक शिवी देऊन. मीही दिली.

ऊन आलं तेव्हा ताणा सुकून तयार होता. मागावर चढला. तुटला नाही.

त्यांच्यात रीत अशी, की नव्या मागावरची पहिली घोंगडी विकायची नाही, बिरोबापुढं अंथरायची. पूर्णेत बिरोबा कुठला? बिरूनं ती मारुतीच्या ओट्यावर अंथरली आणि म्हणाला, "बसा समदे. आता हाच आमचा देव." तोवर थांबलेला धोंडीबाचा माणूस दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. निरोप एवढाच, की खड्डा बुजवून टाका.

पुढं सत्तेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या दिवसांत मी हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या शिबिरात गेलो, तेव्हा बिरूनं माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. थंडीत ती नाकापर्यंत ओढली की भाजक्या चिंचोक्यांचा वास यायचा. बाकीची पोरं आपापल्या आईच्या हातचं काय काय आठवायची. मला ती गल्ली आठवायची, कुंचे, मावशीच्या शिव्या, पहाटेची ती गडबड. आणि एक भीती असायची. गावोगावची माणसं घरं सोडून पळत होती. हे दोघं घाटावर परत गेले असतील, असं मी धरूनच चाललो होतो. धुक्यात. त्या वल्या भिंतींत.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामानं हत्यार खाली ठेवलं आणि मी पूर्णेला उतरलो. स्टेशनावर झेंडा, पेढे, घोषणा. कोणी माझ्या गळ्यात हार घालत होतं, पण माझं लक्ष नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आलो. ओट्याजवळच्या खुंट्यांना ताणा नव्हता. गेले, म्हटलं. पावसाळ्यात ताणा उघड्यावर कुणी लावत नाही, हे सुद्धा मला सुचलं नाही.

मग आवाज आला. थप, थप, थप. हलका, भरभर, कुठंही न अडखळणारा.

मी दारात जाऊन उभा राहिलो. अंबाबाईनं मान वर केली नाही. परातीत पाण्याचा हात लावला, भाकरी फिरवली आणि अगदी आमच्या पूर्णेच्या बोलीत म्हणाली, "उभा काय राहायलास, भाऊ? हात धू. गरम हाय."