चार पोती आणि ओढ्याचा चढ

तुम्ही मला हुशार मिस्त्री म्हणता ना? म्हणा बापडे. पण हा चहा संपेपर्यंत माझं ऐका, मग काय ते ठरवा. आयुष्यात मी एकच काम असं केलं, की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आणि त्याच कामानं मला सासरच्या गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही!

लढाईचे दिवस होते. निजामाचं राज्य. पूर्ण्याला रेल्वेत चार वर्षं हात काळे करून मी परभणीत गॅरेज टाकलं होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक भाता. तिथं एक दिवस लेव्हीच्या साहेबांची मोटार आली. लेव्ही म्हणजे सरकारला घालायचं धान्य. किती घालायचं ते साहेब ठरवायचे, आणि कमी पडलं की घरात शिरून शोधायचे.

मोटार मात्र काय होती, अहाहा! हैदराबादच्या कुठल्याशा नवाबानं शर्यतीसाठी मागवलेली, उघडी, लांब नाकाची. आणि आवाज? चालू केली की माझ्या गॅरेजचे पत्रे नाचायचे!

साहेब म्हणाले, "मिस्त्री, इस आवाज से सर दुखता. आवाज कम करो. मगर ताकद कम नक्को."

मला खरंच वाटलं, डोकं दुखतं बिचाऱ्याचं!

साहेबांचा ड्रायव्हर वाहेदमियाँ शेजारी उभा होता. तो हसला. "हे होत नसतं, मिस्त्री. मी धुराच्या नळीत जाळी ठोकून बघितली. आवाज गेला, पण गाडी चढावर धापा टाकायली. आवाज हाय म्हणून ताकद हाय."

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. 'होत नसतं' असं कुणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. धूर अडवला की इंजिन गुदमरतं, हे खरं. मग अडवायचा कशाला? मी नळी तेवढ्याच रुंदीची, सरळ आरपार ठेवली. फक्त तिला अंगभर बारीक भोकं पाडली, शेकड्यांनी. तिच्यावर पत्र्याचा मोठा डबा चढवला आणि मधल्या पोकळीत पूर्ण्याच्या लेथवरचा लोखंडी कीस ठासून भरला. धूर सरळ निघून जाणार, आवाज तेवढा भोकांतून किसात शिरणार आणि तिथंच जिरणार. गाडी चालू केली, तेव्हा वाहेदमियाँनं बॉनेटवर हात ठेवून बघितलं, चालू आहे की नाही म्हणून!

साहेब खूश. "चलो, अब ताकद देखेंगे. किधर जायेंगे?"

इथं माझी अक्कल चरायला गेली. बायको सुंद्रा तेव्हा माहेरी होती, झरीच्या पलीकडं एका खेड्यात. तिच्या वडलांना, म्हणजे आमच्या मामांना, हा काळ्या हाताचा जावई मनातून पसंत नव्हता. म्हटलं, साहेबांच्या मोटारीत पुढं बसून जाऊ. अख्खं गाव बघायला लोटेल, मामांची मान ताठ होईल. आणि मी म्हणालो, "झरीकडं चला साहेब, रस्ता लय चांगला हाय!" रस्ता कसला, काळ्या मातीतली बैलगाडीची चाकोरी.

गाव आलं. मी टोपी नीट केली, मिशीवरून हात फिरवला. पण कुणी बाहेरच येईना. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. गाव ओस पडलं की काय? मग डोक्यात उजेड पडला. अरे, मोटारीला आवाजच नाही, तर लोक येतील कशाला?

वाहेदमियाँ गाडी चालवत माझ्या कानाशी लागला. "मिस्त्री, साहेबाला डोकेदुखी-बिकेदुखी काही न्हाई. गाववाले कोसावरून मोटार ऐकायचे आन् पेव बुजवून वर म्हैस बांधायचे. आता काय करतील?"

पेव ठाऊक आहे ना? धान्य ठेवायला जमिनीत खणलेली खोल खोली, वर माणूस उतरेल एवढंच तोंड. मी भोंग्याकडं हात नेला, तर मागच्या सीटवरून साहेबांनी माझं मनगट धरलं.

"नक्को, मिस्त्री. लोगां को तकलीफ नक्को."

आणि गावातलं पहिलंच घर आमच्या मामांचं! अंगणात पेव उघडं. म्हैस बाजूला रवंथ करत बसलेली. मामा पेवात उतरलेले, वर उभा असलेला गडी आम्हाला बघून पसार झालेला. साहेब जाऊन काठावर उभे राहिले. आतून दोन हात वर आले, हातात ज्वारीनं भरलेली पाटी.

"धर!"

साहेबांनी धरली. दुसरं काय करणार?

"बघत काय उभा राह्यलास? वत पोत्यात! त्या साहेबाची मोटार यायच्या आत बुजवायचंय. कान हाय ना रस्त्याकडं?"

"हौ," साहेब म्हणाले. "कान है."

मामांचं मुंडासं हळूहळू वर आलं. त्यांना आधी बूट दिसले, मग साहेब दिसले, मग साहेबांच्या मागं मी.

"जावई, तुमी?" एवढंच म्हणाले.

हसा, हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. दारात सुंद्रा उभी होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. एव्हाना गावही गोळा झालं होतं, आता कशाला व्हायचं ते!

चार पोती निघाली. मामांनी हात जोडले. "साहेब, मी गुन्हेगार हाय. तीन पोती न्या. पर हे चौथं बियाचं हाय. पेरणी चार दिसांवर आली. बी गेलं तर रान पडीक ऱ्हाईल, मंग लेकरांनी वरीसभर खावं काय?"

साहेबांनी पोत्यांकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं. त्यांना गंमत सुचली.

"मिस्त्री, ताकद कम नहीं हुई बोलता ना? चारों थैले गाडी में डाल. ओढे के पार का चढाव चढी, तो चारों सरकार के. नहीं चढी, तो बीज का थैला इनका. गाडी तू चला."

देवच पावला हो! गाडी चढवायला अक्कल लागते, बंद पाडायला काय लागतं? पाय उचलला की झालं. मी सुंद्राकडं बघून डोळ्यानंच सांगितलं, काळजी करू नको. तिनं मान हलवली. त्या मान हलवण्यात केवढा विश्वास होता, ते मी आजही विसरलो नाही.

ओढा ओलांडला. चढाला लागलो. मध्यावर आल्यावर मी पाय हळूच सैल केला. गाडी मंदावली. मागं सगळं गाव बघत उभं. आणखी दोन हात, की गाडी थांबलीच.

तेवढ्यात शेजारी वाहेदमियाँ खिदळला. "म्हणलं होतं ना साहेब? आवाज गेला, दम गेला. वाघाची बकरी केली बघा मिस्त्रीनं!"

बकरी? माझ्या कामाला बकरी?

पुढचं मी केलं नाही, माझ्या पायानं केलं. पाय दाणकन खाली गेला. चार पोती, तीन माणसं, पण गाडी साधी खोकलीसुद्धा नाही! माती उडवत थेट माथ्यावर. आणि मी मूर्ख, सीटवर उभा राहून, दोन्ही हात वर करून ओरडलो, "चढली! बघा, चढली!"

मग मागं वळून बघितलं. सुंद्रा घरात निघून गेली होती.

मी साहेबांचे पाय धरले. मजुरी नको, बक्षीस नको, तेवढं बियाचं पोतं उतरवा म्हणालो. "शर्त तो शर्त है," साहेब म्हणाले. मामा चढ चढून वर आले. मारतील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बियाच्या पोत्यावर हात ठेवला, ती नळी वाकून बघितली आणि म्हणाले, "काम लय चोख केलंत, जावईबापू." त्यात टोमणा नव्हता. म्हातारा मनापासून बोलला. त्या दिवसाइतकी लाज मला कधीच वाटली नाही.

रान पडीक राहिलं नाही. गावानं घरटी शेर-शेर बी दिलं, पेरणी झाली, पीकही बरं आलं. सुंद्रा मात्र खळं होईपर्यंत नांदायला आली नाही. खळं झालं तसा मामांचा निरोप आला, 'या. लोकांचं बी परत करायचंय.'

गेलो. मामांनी ज्वारीची पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि पुढं चालायला लागले. मागं सुंद्रा. दर दारात मामा थांबायचे. "हे आमचे जावई. मोटारीचे मिस्त्री."

आणि दर दारातून तोच प्रश्न यायचा. "चार पोती घिऊन चढली, ती मोटार ह्यांनीच केलेली का?"

मामा उत्तर द्यायचे नाहीत, माझ्याकडं बघायचे. मी मान खाली घालून म्हणायचो, "हो. मीच केली."

पहिलं दार झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. सहाव्या दाराशी सुंद्रा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मान खाली घालता ते बरंय. पर दर दाराला आवाज मोठा व्हायलाय तुमचा!"